अवाचिक अध्ययन अक्षमता : संभाव्य कारणे

भाषा चांगली, पण अवकाशाचे भान, हातांचे कसब, गणिताची मांडणी आणि चेहऱ्यावरचे भाव ओळखणे अवघड, अशी ही विकासात्मक अडचण. जबलपूरचे असे मूल नर्मदाकाठच्या भेडाघाटचे वर्णन घडाघडा करील, पण नकाशात नर्मदा शोधताना त्याचे बोट अडखळेल. वहीत एकं-दहं एकाखाली एक येणार नाहीत. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचेच. संशोधक जॉन्सन व मायकलबस्ट यांनी १९६७ मध्ये हे वेगळेपण मांडले. या अडचणीचे एकच कारण सिद्ध झालेले नाही. संशोधक बायरन रूर्क यांनी १९८९ मध्ये मेंदूतील श्वेतद्रव्याच्या, विशेषतः उजव्या गोलार्धातील, बिघाडाचा सिद्धांत मांडला. टर्नर लक्षणसमूह, बाविसाव्या गुणसूत्राच्या तुकड्याचा लोप, जलशीर्ष (मेंदूत पाणी साठणे), बालपणी मेंदूवर झालेले किरणोपचार यांतही असेच चित्र आढळते.