बंगालच्या स्मरणांतील भास्करराम

महालापासून बेशापर्यंत पसरलेल्या आजच्या नागपुरांत भास्करराम कोल्हटकर हें नांव क्वचितच कानीं पडतें. बंगालमध्यें मात्र त्याच्या घोडेस्वारांची आठवण अंगाईगीतांत राहिली आहे. तीही कौतुकाची नव्हे, तर मुलांना धाक घालून निजविण्यासाठीं. असें कां व्हावें?

भास्करराम हा सेनासाहेबसुभा रघूजी भोसले यांचा दिवाण व सेनानी. १७४१ मध्यें त्यानें छत्तीसगडांतील रतनपूरच्या हैहय राजास नमवून पूर्वेची वाट मोकळी केली. १७४२ च्या एप्रिलांत त्यानें बंगालचा नबाब अलीवर्दीखान यास बरद्वानजवळ गांठलें. नबाबाचें सैन्य तोफा आणि बुणगे यांच्या ओझ्यानें जड झालेलें. मराठी स्वार सडा, आणि त्याची रसद म्हणजे समोरचा मुलूख. मोठी लढाई न देतां त्यानें नबाबाचा दाणावैरण तोडला. मे महिन्यांत मीर हबीबास पुढें घालून स्वारांनीं राजधानी मुर्शिदाबादेवर झडप घातली व जगत्शेटाची पेढी लुटली.

परंतु या सैन्याचें जें बळ, तेंच त्याचें वैगुण्य. ज्याची रसद मुलुखावर, त्याचा भार रयतेवर! सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. या शब्दाचा बंगालींत ‘बर्गी’ झाला, आणि जाळलेलीं गांवें व परागंदा झालेलीं कुटुंबें यांची आठवण त्याला कायमची चिकटली. तत्कालीन कवि गंगाराम याच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यांत मराठे प्रथम पाप्यांना शासन करण्याकरितां ईश्वरी प्रेरणेनें येतात. पण पुढें ब्राह्मण व स्त्रिया यांवरील अत्याचार पाहून देवीच त्यांच्यावर कोपते. लोकमत कसें पालटलें, याची याहून बोलकी साक्ष कोणती?

त्या वर्षींच्या नवरात्रांत भास्कररामानें काटव्याजवळ दुर्गापूजा मांडली होती. ती सांग होण्यापूर्वींच, सप्टेंबरअखेर, अलीवर्दीनें रात्रीं नदी उतरून पहाटे छापा घातला आणि मराठ्यांस माघार घ्यावी लागली. १७४४ मध्यें भास्करराम पुन्हां बंगाल्यांत उतरला. तेव्हां तहाच्या बोलण्यासाठीं म्हणून नबाबानें त्यास मानकरा येथील तंबूंत बोलाविलें आणि बरोबरच्या सरदारांसह दग्यानें ठार केलें.

तरी मोहिमा थांबल्या नाहींत. अखेर १७५१ मध्यें नबाबानें सालीना १२ लाख रुपये चौथ कबूल केली व ओरिसा प्रांत भोसल्यांच्या हातीं आला. पण बर्गीच्या भयानें नदीपार गेलेल्या अनेकांनीं इंग्रजांच्या कलकत्त्याचा आश्रय घेतला. तेथें मराठ्यांच्या धास्तीनें खंदकही खणण्यांत आला होता.

घोडदळानें खंडणी मिळविली, रयतेचा विश्वास मात्र मिळविला नाहीं. भास्कररामाच्या शौर्याचा आणि त्याच्यावर झालेल्या विश्वासघाताचा इतिहास आपण अवश्य सांगावा. परंतु ज्यांच्या उभ्या पिकांतून तीं घोडीं दौडत गेलीं, त्यांची साक्षही त्यांत नोंदवावी.