जळक्या लाकडाला माकुलीची मिठी

१/ जपानच्या दक्षिणेकडील सात्सुमा आणि आमामी बेटांच्या परिसरात एदो काळात माकूल पकडण्याचे एक साधन रूढ झाले : 'एगी'. शब्दशः अर्थ, आमिषाचे लाकूड.

२/ आख्यायिका अशी, की रात्री मशालीचे जळके लाकूड समुद्रात पडले आणि माकुलीने त्याला मिठी मारली. कथा खरी असो वा नसो, लाकूड विस्तवावर भाजून त्यावर काळपट डाग उठवण्याची रीत मात्र खरी आहे.

३/ या रीतीमागे जाण आहे. माकुलीला रंग ओळखता येत नाहीत; तिला दिसतो तो उजेड-अंधारातील फरक. शिवाय ती आमिष प्रथम भुजांनी कवटाळते. म्हणून कोळंबीच्या आकाराच्या एगीला शेपटीकडे वर वळलेल्या, उलटा काटा नसलेल्या गळांचे कडे असते.

४/ या लाकडाला राजकीय इतिहासही आहे. १६०९ मध्ये सात्सुमाच्या शिमाझू घराण्याने र्‍युक्यू राज्यावर स्वारी केली आणि आमामी बेटे थेट आपल्या अमलाखाली घेतली. पुढे तेथील शेतकरी सात्सुमासाठी सक्तीने ऊस पिकवू लागले. सात्सुमाच्या सामुराईंसाठी मात्र एगी हा छंद ठरला.

५/ आज प्लॅस्टिकची एगी जगभर विकली जाते. तिच्यासोबत सात्सुमाचे नाव सहज घेतले जाते, आमामीचे क्वचित. साधने टिकतात, ती घडवणारे हात विस्मरणात जातात. अवजारांचा इतिहास वाचताना म्हणूनच विचारावे : नाव कोणाचे उरले, आणि कोणाचे पुसले गेले?