कॉम्प्युटर ते इंजिनीअर : एडिथ क्लार्क
'कॉम्प्युटर' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे यंत्र येतं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत तो माणसांचा हुद्दा होता! इंजिनीअरांना आकडेमोड करून देणारे ते कॉम्प्युटर. त्यांत बायका पुष्कळ. एडिथ क्लार्क त्यांतल्याच एक.

१८८३ साली मेरीलँडमध्ये जन्म. बाराव्या वर्षी आईवडिलांचं छत्र हरपलं. वारशाचा पैसा त्यांनी शिक्षणात घातला. १९१९ मध्ये एम.आय.टी.तून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची मास्टर्स पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तरीही इंजिनीअरची नोकरी कुणी देईना. जनरल इलेक्ट्रिकने घेतलं, ते आकडेमोड करणाऱ्यांवर देखरेख करायला. लांब पल्ल्याच्या वीजवाहिन्यांची किचकट गणितं झटपट सोडवणारं साधन त्यांनी तयार केलं. १९२५ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. १९२१ मध्ये नोकरी सोडून एडिथबाई तुर्कस्तानात फिजिक्स शिकवायला गेल्या. परतल्यावर, १९२२ मध्ये, त्याच कंपनीने त्यांना इंजिनीअर म्हणून घेतलं. १९४७ पासून त्या टेक्सास विद्यापीठात शिकवत होत्या.

थ्री-फेज विजेचं गणित सोपं करणारं 'क्लार्क ट्रान्सफॉर्म' आजही इलेक्ट्रिक मोटर आणि सोलर इन्व्हर्टरच्या नियंत्रणात वापरतात. इंजिनीअरिंगला निघालेल्या आपल्या लेकींना हे नाव जरूर सांगा.