अटलांटाच्या धुणेवाल्या

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि दक्षिणेकडील राज्यांतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया गुलामगिरीतून सुटल्या. तोपर्यंत त्यांच्या पोटच्या पोरांवरही मालकाचा हक्क असे आणि तो मूल विकूही शकत असे. म्हणून सुटकेनंतर मूल आपल्याजवळ राहावे आणि पोट आपल्या कष्टावर भरावे, या दोन्ही गोष्टी त्यांना एकदमच हव्या होत्या. जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात धुण्याच्या धंद्यातून त्यांना हे काही अंशी साधता आले.

१८८० च्या सुमारास या शहरात मजुरी करणाऱ्या जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया गोऱ्या कुटुंबांची घरकामे करत. स्वयंपाकीण किंवा दाई यांचा दिवस मालकिणीच्या घरी जाई आणि स्वतःची मुले मागे राहत. धुणे मात्र घरी आणता येई. त्यामुळे लेकुरवाळ्या स्त्रिया हेच काम पत्करत.

सोमवारी गाठोडी आणायची आणि शनिवारी घड्या घालून पोचवायची, असा आठवडा ठरलेला असे. विहिरीवरून किंवा हापशावरून पाणी वाहायचे, कपडे उकळायचे, घासायचे, पिळायचे, नीळ घालायची आणि तापवलेल्या जड इस्त्रीने सुरकुत्या काढायच्या. साबण लाय या क्षारापासून, खळ गव्हाच्या कोंड्यापासून आणि टब बिअरची पिंपे अर्धी कापून घरीच तयार होत. अंगणात शेजारणी मिळून काम करत, लहानग्यांवर एकमेकींचे लक्ष असे आणि मोठी मुले पाणी भरू लागत. एवढ्या राबण्याची महिन्याची कमाई ४ ते ८ डॉलर होती.

अंगणातल्या याच सोबतीतून संघटना उभी राहिली. जुलै १८८१ मध्ये सुमारे २० स्त्रियांनी एका चर्चमध्ये जमून ‘वॉशिंग सोसायटी’ स्थापन केली, बारा पौंड कपड्यांना एक डॉलर हा दर मागितला आणि संप पुकारला. त्या घरोघर फिरल्या. तीन आठवड्यांत संपकऱ्यांची संख्या ३,००० वर गेली. अनेकींना अटक झाली, ५ ते २० डॉलर दंड झाले. दंड नाकारणाऱ्या एकीला ४० दिवसांची सक्तमजुरी झाली. नगरपरिषदेत धुणेवाल्यांच्या संघटनेच्या प्रत्येक सदस्येवर वर्षाला २५ डॉलर परवाना शुल्क बसवण्याचा प्रस्ताव आला. ही रक्कम कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी होती. तरी शहराच्या धुण्याचे दर ठरवण्याचा हक्क मिळणार असेल तर आपण शुल्क भरू, असे स्त्रियांनी महापौरांना पत्राने कळवले. अखेर परिषदेने तो प्रस्ताव फेटाळला. अक्षरओळखही दुर्मीळ असलेल्या या स्त्रियांनी आपल्या श्रमाचे मोल स्वतः ठरवण्याचा आग्रह धरला, हे त्या संपाचे मोठेपण आहे.

धुण्याच्या पैशांवर मुलांची शिक्षणेही झाली. लुइझियानात १८६७ मध्ये जन्मलेल्या सारा ब्रीडलव्ह विशीतच विधवा झाल्या. सेंट लुइस शहरात धुणे धुऊन त्यांनी मुलगी अलीलिया हिला शिकवले आणि पुढे केशप्रसाधनांच्या व्यवसायात ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नावाने त्या अमेरिकाभर गाजल्या.

विसाव्या शतकात वाफेवरच्या लॉन्ड्र्या आणि मग घरगुती यंत्रे आली, तसा हा धंदा ओसरला. आई कामासाठी घराबाहेर गेल्यावर मुलांना कोण सांभाळणार, हा प्रश्न मात्र कायम होता. अटलांटातील कृष्णवर्णीय स्त्रियांनी त्याचे उत्तरही एकजुटीने शोधले. १९०५ मध्ये त्यांनी मोफत बालवाड्यांसाठी संस्था काढली आणि १९०८ मध्ये लुजीनिया बर्न्स होप यांच्या पुढाकाराने वस्तीसाठी काम करणारी ‘नेबरहुड युनियन’ ही संस्था सुरू झाली.