म्हैसूरमध्ये घरबसल्या मराठी मालिका : कोणती सेवा निवडावी?

'आकाशवाणी' हे नाव १९३५ मध्ये म्हैसूरच्या नभोवाणी केंद्राने रूढ केले. महाराष्ट्राबाहेरील या शहरात आज मराठी कुटुंबांना इंटरनेटद्वारे मराठी मालिका पाहता येतात. मात्र सर्व मालिका एकाच सेवेवर मिळत नाहीत.

झी मराठीच्या मालिका झी-फाइव्हवर, सोनी मराठीच्या सोनी-लिव्हवर, तर स्टार प्रवाह व कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर उपलब्ध आहेत. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार यांच्या विलीनीकरणातून १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओहॉटस्टार अस्तित्वात आले. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात 'वेव्हज्' सेवेचा प्रारंभ केला. तीवर दूरदर्शनचे अनेक कार्यक्रम विनामूल्य पाहता येतात.

घरातील ज्येष्ठ मंडळी कोणती वाहिनी पाहतात, हे विचारूनच वर्गणी भरणे हिताचे. अन्यथा पैसे भरूनही त्यांची मालिका हुकण्याची शक्यता असते.