पुणे ते नागपूर विमानाने : अंतर 605 किलोमीटर, पण वेळ येरवड्यापासून धरा

पुण्याहून नागपूरला विमानाने किती वेळ लागतो, हे मोबाईलला विचारलं की लगेच उत्तर येतं. सरळ रेषेत अंतर सुमारे 605 किलोमीटर, तिकिटावर वेळ सव्वा ते दीड तास. रस्त्याने हेच अंतर 700 किलोमीटरच्या पुढे जातं. रेल्वे मनमाड, भुसावळ असा वळसा घेते, त्यामुळे पुणे-अजनी वंदे भारतला 881 किलोमीटर आणि साधारण 12 तास पडतात.

विमान वर गेल्यावर ताशी 800 किलोमीटरच्या आसपास पळतं. मग पाऊण तासात का पोचत नाही? कारण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून नागपुरात जागेवर उभं राहीपर्यंतची असते. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टी तीच. त्यामुळे कधी कधी थांबावंही लागतं.

पण खरा वेळ खाली जमिनीवरच जातो. माझे मामा नागपुरात वारले तेव्हा आईला घेऊन आम्ही दौंड तालुक्यातून भाड्याच्या जीपने निघालो. विमान दहाचं. हडपसर, मुंढवा करत येरवड्यात आलो तेव्हा आठ वाजून गेले होते. आता विमानतळ पाच-सहा किलोमीटर राहिला म्हणून निवांत झालो, आणि तिथंच गर्दीत अडकलो. आत पोचलो तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. काउंटर बंद. आईला भावाचं शेवटचं तोंड बघता आलं नाही. चूक माझीच, मी तिकिटावरचा दहाचा आकडा धरून चाललो होतो.

देशातल्या विमानाचं काउंटर साधारण सुटण्याच्या 60 मिनिटं आधी बंद होतं, गेट 25 मिनिटं आधी. म्हणजे दहाच्या विमानाला आठलाच विमानतळाच्या दारात असा, आणि सकाळच्या वेळी येरवडा सातच्या आत ओलांडा.

आता एक सोय झाली आहे. ऑगस्ट 2024 पासून येरवड्याचं मेट्रो स्टेशन सुरू आहे. दौंडहून रेल्वेने पुणे स्टेशनला उतरायचं, तिथूनच मेट्रो धरायची, आणि येरवड्यातून रिक्षा. बंडगार्डनच्या पुलावरची गर्दी तरी टळते. विमानतळावर जुलै 2024 पासून नवीन टर्मिनलही चालू झालं आहे, त्यामुळे रिक्षावाल्याला तिकीट दाखवून कुठल्या टर्मिनलला जायचं ते आधीच सांगा.

तिकिटावरचं नाव आधारकार्डावरच्या नावासारखंच पाहिजे. विळा, अडकित्ता हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या बॅगेत टाका. पॉवर बँकचं उलटं, ती हातातच ठेवायची. काडेपेटी घरीच ठेवा. म्हाताऱ्या माणसांसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवावी.

दौंडकरांनी घरापासून घरापर्यंत हिशोब केला तर विमानानेही सहा-सात तास धरावेच लागतात. घाई नसेल तर वंदे भारत दौंड कॉर्ड लाईनला थांबते, पुण्यात जायचंच काम नाही. नागपूरचा विमानतळ मात्र वर्धा रोडवर, सीताबर्डीपासून आठेक किलोमीटरवर आहे. तिथून पुढं मेट्रो मिळते.