कांचनजंगा : घन आणि पोकळी

मुंबईत पेडर रोडलगत उभी असलेली 'कांचनजंगा' ही २८ मजली इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५) यांच्यापुढचा पेच खास मुंबईचा होता. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, देखावाही तिकडेच; परंतु दुपारचे ऊन आणि पावसाची झोडही त्याच बाजूने. मग घर उघडे ठेवावे की मिटून घ्यावे? जुन्या बंगल्यांनी खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून हा प्रश्न सोडविला होता. कोरियांनी तोच व्हरांडा मनोऱ्यात उंच नेला. २१ मीटर चौरस पायाच्या, ८४ मीटर उंचीच्या काँक्रीटच्या घनाचे कोपरे कोरून त्यांनी दुमजली उंचीच्या बागवजा गच्च्या काढल्या. एरवी कोपरा म्हणजे इमारतीचा भक्कम भाग. येथे नेमका तोच रिकामा आहे आणि वाऱ्याच्या आडव्या रेट्याला मध्यवर्ती गाभा तोंड देतो. तीन ते सहा शयनगृहांच्या ३२ सदनिका या गाभ्याभोवती एकमेकींत गुंफल्या आहेत. अर्थात, ही पोकळी धनिकांनाच परवडली, हे नाकारता येत नाही. चौरस फुटाच्या हिशेबाने घरे विकणाऱ्या या शहरात इतरत्र साधा सज्जाही काचा लावून खोलीत ओढला जातो.